डॉक्टरांच्या मोटारीच्या कमानी

संपादकांचं पत्र आलं. महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात मोटारी नव्या होत्या, तेव्हाच्या गमतीजमती दिवाळी अंकासाठी लिहून पाठवा म्हणून. मी पत्र दोनदा वाचलं आणि बायकोला म्हटलं, हे लोक मला विनोदी माणूस समजतात की काय? ती म्हणाली, समजू देत की, लिवा. म्हणून लिहितोय. मराठी चौथीपर्यंत शिकलोय, तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी बघावं. गमती असतील तेवढ्या येतील, पण मला जे सांगायचं आहे त्यात गंमत थोडी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी बाबालाल, शिवाजी पेठेतला कमानीवाला. कमानी म्हणजे दरवाजाच्या नव्हेत. गाडीचं ओझं आणि चाकाचा आस यांच्यामध्ये पोलादी पट्ट्यांचा जो वाकडा जुडगा असतो, त्याला आमच्यात कमान म्हणतात. एकेका पट्टीला पाटा म्हणायचं. सगळ्यात लांब पाट्याची दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले, त्याच्याखाली एकाहून एक आखूड पाटे, आणि मध्ये सगळ्यांना आरपार एक बोल्ट. चाक दगडावरून गेलं की कमान दबते, दगड मागं पडला की उठते. बसलेल्या माणसाला दगड कळू नये, एवढंच तिचं काम.

ऐकायला सोपं वाटतं. करायला बसा म्हणजे कळेल. पाटा लाल करून वळवायचा, तेलात बुडवून त्याला पाणी द्यायचं, म्हणजे पोलाद कडक करायचं, मग परत तापवून ते पाणी थोडं उतरवायचं. पाणी जास्त राहिलं तर पाटा काचेसारखा तुटतो, जास्त उतरलं तर एकदा दबलेला पाटा उठायचं नाव घेत नाही. आमचे अब्बा तापलेल्या पाट्यावर बाभळीची वाळकी काडी घासायचे. काडीतून ठिणगी सुटली की पाटा बाहेर काढायचा. ती नेमकी कुठली ठिणगी धरायची हे शिकायला मला सात वर्षं लागली, आणि त्या सात वर्षांत खाल्लेल्या शिव्या इथं छापता येणार नाहीत.

शिवाय ज्याचं वजन त्याची कमान. एका तालमीचे वस्ताद होते, दांडगा माणूस, टांग्यात नेहमी डाव्या अंगाला बसायचे. टांगा डावीकडं कलायचा म्हणून आम्ही त्या बाजूला एक पाटा जास्त घातला. टांगा सरळ झाला. पुढं त्यांनी तो एका काटकुळ्या वकिलांना विकला आणि वकील तक्रार घेऊन आले, टांगा उजवीकडं पडतो म्हणून. अब्बा त्यांना म्हणाले, वकीलसाहेब, जेवण वाढवा. शेवटी पाटा काढून दिला.

पण अब्बांचं खरं नाव झालं ते दुसऱ्याच कारणानं. आमच्या दुकानची कमान वाजत नसे. पाटे एकमेकांवर घासतात, त्यामुळं कोरडी कमान कुरकुरते. अब्बा प्रत्येक पाटा घासून आरशासारखा करायचे आणि मध्ये मेंढीची चरबी भरायचे. दर दसऱ्याला सरदारांच्या बग्ग्या, वकिलांचे टांगे चरबी बदलायला आमच्या दारात रांगेनं उभे राहायचे. ज्याची गाडी वाजते त्याच्या घरात काहीतरी कमी आहे, अशी तेव्हा समजूत होती. एक इनामदार मात्र उलट्या डोक्याचे निघाले. ते म्हणाले, मी गावात शिरलो हे चावडीपर्यंत कळलं पाहिजे, मला वाजणारी कमान करून द्या. अब्बांनी साफ नाही म्हटलं. इनामदारांनी समजावून सांगितलं, मग रागावले, अब्बा हलले नाहीत. मीच गुपचूप आसाला दोन सैल कड्या अडकवून दिल्या. इनामदार खूश झाले आणि अब्बा माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत.

हे सगळं सांगितलं, कारण पुढची चूक ह्यातूनच झाली.

पेठेत अनंतराव म्हणून डॉक्टर होते. चार खाटांचं स्वतःचं इस्पितळ. अंतर्गळ असो, मूतखडा असो, अडलेली बाळंतीण असो, ते शस्त्र चालवायचे आणि लोक बरे होऊन चालत घरी जायचे. त्यांनी बेळगावच्या एका साहेबाकडून जुनी छोटी मोटार घेतली. दोन माणसं आणि मागं औषधांची पेटी, एवढीच जागा. शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर बैलगाडीनं जायला दीड दिवस मोडायचा, मोटारीनं डॉक्टर सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे. आठवड्याची एक फेरी ठरलेली. गाडी स्वतःच चालवायचे. मलाही शिकवली, कारण ज्याला चालवता येत नाही त्यानं माझ्या गाडीखाली शिरायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

ती गाडी कुरकुरायची. खड्ड्यातून गेली की पुढच्या दोन्ही कमानी बोलायच्या. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. मला होतं. दुकानासमोरून ती वाजत गेली की मला मान खाली घालावीशी वाटायची, लोक म्हणणार, बघा बाबालालच्या हातची गाडी. त्या दसऱ्याला मी डॉक्टरांच्या मागं लागून चारी कमानी उतरवल्या, एकेक पाटा घासला, चरबी भरली. गाडी अशी मऊ झाली की डॉक्टर म्हणाले, बाबालाल, पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय रे. पुढचे आठ दिवस मी पेठेतून छाती काढून फिरलो.

नवव्या दिवशी शाहूवाडीहून परतताना वाघबिळाच्या वळणावर गाडी रस्ता सोडून खाली गेली.

उताराचं वळण. त्याच्या अलीकडं बैलगाड्यांनी पाडलेल्या आडव्या खाचा. डॉक्टर नेहमी जायचे त्याच वेगानं गेले. गाडी खाचांवर नाचायला लागली, त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी वळलीच नाही. चिंचेच्या एका झाडाला अडकली म्हणून ते वाचले. डाव्या खांद्याचं हाड मोडलं, बाकी खरचटण्यावर भागलं.

हाड जुळलं. पण डॉक्टर पडल्यापडल्याच म्हणायला लागले होते, माझा हात वेळेवर वळला नाही. त्यांच्या वडिलांचा हात पन्नाशीनंतर कापायला लागला होता. डॉक्टर तेव्हा एकावन्न वर्षांचे. आपलंही सुरू झालं, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं. उजवा हात समोर धरून बघत बसतात, असं त्यांचा कंपाउंडर गणपा मला सांगायचा. गणपा म्हणायचा, मला तर काय बी कापताना दिसत न्हाय, पर त्यास्नी दिसतंय. शस्त्रांची पेटी कपाटात गेली. कापायचा रोगी आला की मिरजेच्या मोठ्या इस्पितळात पाठवायचं. शाहूवाडीची फेरी बंद. मोटार विकायला काढली.

आता मला काय माहीत होतं ते सांगतो. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मोटार बैल जुंपून ओढत आमच्याकडं आणली. पुढचा आस वाकला होता, तो काढून सरळ केला, चाकं बसवली. मग सवयीनं पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली आणि सोडली. ती वर आली, खाली गेली, वर आली, खाली गेली. मी मोजलं. सहा वेळा. चरबी भरायच्या आधी हीच गाडी दीड वेळात थांबायची, हे माझ्या हातांना पक्कं आठवत होतं. मी दुकानाचं दार ओढून घेतलं. पुढच्या दोन्ही कमानी उतरवल्या, पाटे रॉकेलनं धुऊन कोरडे केले आणि परत बांधल्या. कुरकुर आली. गाडी दाबली. दोन वेळात थांबली.

कमान दबते आणि उठते हे मला ठाऊक होतं. उठल्यावर तिला थांबवतं कोण, हा प्रश्न आमच्या खानदानात कुणाला पडलाच नव्हता. बग्गीला तो पडत नाही. घोडा दुडक्या चालीनं जातो, एक हेलकावा संपतो तेव्हा कुठं पुढचा खड्डा येतो. मोटार ताशी पंचवीस मैलांनी खाचांवरून जाते, तेव्हा एक हेलकावा संपायच्या आत दुसरा, त्यावर तिसरा, आणि मग चाक जमिनीवर राहतच नाही. हवेतलं चाक कितीही फिरवा, गाडी वळेल कशी? पाटे एकमेकांवर घासून जी कुरकुर करत होते, त्या घासण्यानंच गाडी आवरली जात होती. मी त्यांना चरबी पाजली आणि वर शाबासकी घेतली.

अब्बांना सांगितलं. त्यांनी विडी पेटवली. मग म्हणाले, चाळीस वर्षं चरबी भरतोय, एक बग्गी तरी उलटली का? मी म्हटलं, अब्बा, ही बग्गी नव्हे. त्यांनी विचारलं, डॉक्टर तुला काही बोलले का? मी म्हटलं, नाही, ते स्वतःलाच दोष देतात.

"मग तू कशाला तोंड उघडतोस?" अब्बा म्हणाले. "दुकान बसंल."

माझंही मन तेच म्हणत होतं. मी ठरवलं, तोंड उघडायचं नाही, पण गाडी अशी करून द्यायची की त्या वळणावरून ती हसत गेली पाहिजे. डॉक्टर एकदा तिच्यात बसले, गाडी त्यांच्या हाताचं ऐकायला लागली, की त्यांचं भय आपोआप जाईल. ते गेलं की शस्त्रांची पेटी कपाटातून बाहेर येईल. असा सगळा माझा बेत होता. गाडी विकायला काढली हे कळल्यावर जाऊन म्हटलं, मोडकी विकू नका, धड करून देतो, मग विका. आजऱ्याचा एक तांदळाचा व्यापारी दुकानात येऊन गाडी बघून गेला होता. दहा वेळा भोंगा वाजवून बघितला, बाकी कशाला हात लावला नाही. तो पौषात परत येणार होता. डॉक्टर म्हणाले, तोवर कर काय करायचं ते.

नुसत्या कोरड्या कमानींवर भागणार नव्हतं. कोरड्या पाट्यांना गंज चढतो, पावसाळ्यात ते एक वागतात आणि उन्हाळ्यात दुसरं. शिवाय ते वळण त्या गाडीला आधीही जेमतेमच झेपत होतं. मला जेमतेम नको होतं. पेठेतले शहाणे गोळा झाले, आणि सगळ्यांचं एकच मत पडलं, कमान कडक कर, पाटे वाढव. मलाही पटलं, कारण लोखंडात काम करणाऱ्याला जाड ते भक्कम वाटतं. प्रत्येक कमानीत दोन पाटे वाढवले. शेजारच्या जागी वाळूची पोती ठेवून गाडी घेऊन वाघबिळाला गेलतो. ती खाचांवर बोकडासारख्या उड्या मारायला लागली आणि वळणात मागची बाजू सरकन बाहेर गेली. डॉक्टर ज्या चिंचेला अडकले होते, तिच्यापासून दोन हातांवर मी थांबलो. पेठेतल्या शहाण्यांना त्यांच्या पाठीमागं दोन शिव्या दिल्या आणि एक स्वतःला दिली.

मग उलटा विचार केला. कडक कमान चाकाला खाचेत उतरूच देत नाही, वरच्या वर उडवते. म्हणजे कमान मऊ पाहिजे, चाक खाचेत उतरलं पाहिजे आणि चढलं पाहिजे, जमीन सुटता कामा नये. पण मऊ कमान नाचते. तेव्हा तिला आवरणारं काहीतरी वेगळं पाहिजे, जे ओझं उचलणार नाही, फक्त तिला आवरून धरेल. मी जाड चार पाट्यांच्या जागी पातळ घेतले, पुढं सहा आणि मागं औषधांची पेटी धरून सात. पेटीचं वजन अंदाजानं धरायचं नव्हतं म्हणून ती भरून खाटकाच्या काट्यावर नेली. खाटीक म्हणाला, मिस्त्री, ही बकरी कुठल्या बाजारातली? प्रत्येक पाट्याचं पाणी मी स्वतः उतरवलं. बाभळीच्या काड्यांची एक मोळी संपली.

आता आवरणारं. तसलं काहीतरी मी एकदाच बघितलं होतं, एका पाहुण्या गोऱ्या साहेबाच्या मोठ्या मोटारीला. कमानीशेजारी कात्रीसारखे दोन लोखंडी हात, एक गाडीला जोडलेला, एक आसाला, आणि दोघांच्या सांध्यात डबीसारखं काहीतरी. ड्रायव्हर जवळ येऊ देत नव्हता. मी तिथं रुमाल पाडला आणि तो उचलायला भरपूर वेळ घेतला. सांध्यात चकत्या होत्या, एकमेकींवर घट्ट दाबलेल्या. चाक हललं की हात उघडतात आणि मिटतात, चकत्या घासतात, आणि उडी तिथंच जिरते. म्हणजे आमचं घासणंच ते, पण नट आवळून कमीजास्त करता येईल असं. तसले चार जोड मी घडवले. चकत्या आधी सागवानी केल्या. चार मैलांत त्यांतून धूर निघाला आणि नंतर त्या गुळगुळीत होऊन घसरायला लागल्या.

मग चामडं सुचलं. कोल्हापुरात जन्म काढून चामडं सुचायला मला तीन आठवडे लागले, काय म्हणावं? सखाराम म्हणून चपलांचे नावाजलेले कारागीर होते, त्यांच्याकडं गेलो. म्हशीच्या पाठीच्या जाड चामड्याच्या चकत्या त्यांनी कापून दिल्या. बसवल्या, गाडी दाबली, तर परत पाच वेळा वरखाली. चकत्या नुसत्या फिरत होत्या. एक काढून नखानं खरवडली, वास घेतला, तर तेल. परत गेलो.

"तेल पाजल्याबिगर चामडं हातातनं सोडत न्हाय मी," सखाराम म्हणाले. "लोकं शिव्या घालतील की."

मी म्हटलं, मला कोरडंच पाहिजे, बाभळीच्या सालीत कमावून वाळलेलं, पुढं काही न केलेलं. चोरी करायला चल म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. शेवटी दिलं, पण माझ्याकडनं नेलं म्हणून कुठं बोलू नका, अशी शपथ घालून दिलं. मला त्यांचा अजिबात राग आला नाही. अब्बांनीही दुसरं काय केलं असतं?

कोरड्या चामड्यानं काम केलं. पहिल्यांदाच गाडी दाबल्यावर खाली गेली, वर आली आणि थांबली. त्याच दिवसांत एका दुपारी गणपा कंपाउंडर दुकानात येऊन मटकन बसला. शाहूवाडीकडच्या एका वाडीतला दौलू नावाचा शेतकरी, त्याची बायको अडली होती. डॉक्टरांची फेरी बंद, म्हणून त्यानं तिला बैलगाडीत घालून कोल्हापुरात आणलं. डॉक्टरांनी तपासलं, पोट उघडावं लागेल म्हणाले, आणि स्वतःचा हात पुढं धरून बघत उभे राहिले. मग तिला मिरजेच्या रेल्वेत बसवून दिलं. हातकणंगल्याच्या पुढं ती डब्यातच गेली, पोटातल्या जिवासकट.

गणपा गेला. मी तेव्हाच उठून इस्पितळात जायला पाहिजे होतं. दीडशे पावलांवर होतं इस्पितळ. मी गेलो नाही. भाता सुरू केला आणि मागच्या दोन कमानी, ज्या चांगल्या झाल्या होत्या, त्याच परत उतरवून नव्यानं करायला घेतल्या. जेवढं जास्त राबेन तेवढं माझ्या अंगावरचं उतरेल असं वाटत होतं. त्या आठवड्यात मी जे काम केलं तसं आयुष्यात पुन्हा केलं नाही, आणि त्याची मला आजही शरम वाटते.

शेवटची परीक्षा अशी घेतली. वळणाच्या अलीकडं, खाचा सुरू होतात तिथं, रस्त्यावर ओला चुना पसरला. चाक चुन्यातून गेलं की पुढं रस्त्यावर पांढरी रेघ उमटत जाते. चाक उडालं की तेवढ्या जागी रेघ तुटते. पहिल्या दिवशी ती वीतवीतभर तुटली. नट अर्धा फेरा आवळले, तुटणं चार बोटांवर आलं. आणखी आवळले तर परत वाढलं, कारण फार आवळलं की कमान हलायचीच थांबते आणि गाडीचा पुन्हा बोकड होतो. पाव फेरा सैल केले. मग पुढचे वेगळे, मागचे वेगळे. अकरा दिवस रोज सकाळी हेच. येणारेजाणारे गाडीवान बैल थांबवून बघायचे. एकानं विचारलं, पावणं, रस्त्याला चुना कशाला लावतायसा, लगीन हाय काय हितं? बाराव्या दिवशी रेघ खाचा ओलांडून पार पुढं फिकी होईपर्यंत अखंड गेली. मी गाडी थांबवली आणि त्या रेघेच्या कडेनं चालत परत वर आलो, कुठं तुटलीय का बघत. नव्हती तुटली. मला रडू आलं. त्यात लपवायचं काय?

गाडी धुऊन इस्पितळापुढं उभी केली. डॉक्टर बाहेर आले. मडगार्ड दाबून बघितलं. वाकून ते लोखंडी हात बघितले, चामड्याला बोट लावलं. उत्तम झालंय म्हणाले, आज व्यापाऱ्याला पत्र टाकतो. मी म्हटलं, आधी तुम्ही एकदा चालवून बघा.

"गाडी तू सुधारलीस, बाबालाल. चालवणारा कोण सुधारणार?" त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. "बघ."

मी बघितलं. हात जरासुद्धा हलत नव्हता. आणि डॉक्टर त्या हाताकडं असे बघत होते, जणू हा रोगी काही जगत नाही. तेव्हा मला कळलं, आपला बेत पार चुकला. गाडी किती का चांगली होईना, हा माणूस तिच्यात बसणारच नव्हता.

"डॉक्टरसाहेब, तुमचा हात वळला होता," मी म्हटलं. "गाडी वळली नाही. कमानींत चरबी भरून मीच ती नाचरी केलती."

त्यांना आधी समजलंच नाही. मी सगळं सांगितलं. दाबून मोजलं ते, रॉकेलनं धुतलं ते. फक्त अब्बांचं बोलणं गाळलं. डॉक्टर गाडीच्या पायरीवर बसले.

"कधी कळलं तुला हे?"

"तिसऱ्या दिवशी."

मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, अडीच महिने. परत म्हणाले, अडीच महिने. मग त्यांनी दौलूच्या बायकोचं नाव घेतलं. मला ते तोवर माहीत नव्हतं, गणपानं दौलूची बायको एवढंच सांगितलं होतं. ते नाव इथं लिहीत नाही, तिची माणसं आहेत अजून. ती वाचली असती की नाही हे मी सांगू शकत नाही, डॉक्टर म्हणाले, पण मी तिला टेबलावर घ्यायला पाहिजे होतं.

ते उठले, आत जाऊन टोपी घालून आले आणि स्टिअरिंगमागं बसले. मला म्हणाले, बस.

कुठं ते विचारायची माझी छाती झाली नाही. पंचगंगेचा पूल ओलांडला तेव्हा कळलं, दौलूच्या वाडीकडं. वाघबिळाचं वळण जाताना चढाचं, पण खाचा त्याच. मी रस्त्याकडं बघितलंच नाही, त्यांच्या हातांकडं बघत होतो. त्यांनी वेग कमी केला नाही. हात वळले तशी गाडी वळली.

दौलूचं घर वाडीच्या टोकाला होतं. तो गोठ्यापुढं वैरण तोडत होता. डॉक्टरांना बघून कोयता बाजूला ठेवला, घोंगडं अंथरलं, पाणी आणलं. डॉक्टर बसले नाहीत. उभ्यानंच त्याला म्हणाले, तुझ्या बायकोवर मी शस्त्र चालवायला पाहिजे होतं, माझा हात कापतोय असं मला वाटलं म्हणून मी तिला पुढं धाडलं, हात चांगला होता. दौलूनं माझ्याकडं बघून विचारलं, हे पावणं कोण? डॉक्टर म्हणाले, माझे मिस्त्री.

माझ्याबद्दल ह्याच्यापेक्षा जास्त काही ते सांगणार नव्हते, हे मला समजलं. गप्प राहिलो असतो तर तिथंच मिटलं असतं.

"चूक माझी हाय," मी म्हटलं आणि सांगायला लागलो. चरबी, पाटे, कुरकुर. अर्ध्यात माझ्या लक्षात आलं, की ह्या माणसाच्या बैलगाडीला कमानच नाही, त्याला ह्यातलं काय कळणार? तरी तो ऐकून घेत होता. मी थांबलो तेव्हा त्यानं मोटारीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता गाडी नीट हाय न्हवं?"

"हाय."

"मग पुढल्या म्हैन्यात धाकट्या भावाच्या बायकोचं दिस भरत्यात. तवा घेऊन या ह्यास्नी, म्हंजे झालं."

हे तो मला म्हणाला, डॉक्टरांना नव्हे. मी मान डोलावली. डॉक्टरांनी तिचं हे कितवं बाळंतपण ते विचारलं आणि तिला बाहेर बोलवायला सांगितलं. मी गाडीकडं गेलो, पान्हा घेतला आणि उताराच्या आधी चारी नट एकदा तपासून घेतले.